साखळी रेस्टॉरंटमधील कॉफीची तुलना कोऱ्या कॉफीवर व्हावी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कोणत्या साखळी रेस्टॉरंटची कॉफी सर्वांत चविष्ट, याचा कौल देणारे लेख हल्ली पुरवण्यांमधून वरचेवर वाचायला मिळतात. त्यांतील बहुतेकांत एक गोष्ट फार खटकते. एकीकडे लाटे ही दुधाळ कॉफी, दुसरीकडे कॅरमल घातलेली थंड कॉफी आणि तिसरीकडे साधी गाळलेली कॉफी पिऊन तिन्ही ठिकाणांना गुण दिले जातात. मोठ्या लाटेमध्ये एस्प्रेसोचा, म्हणजे दाबाखाली काढलेल्या दाट कॉफीचा, वाटा फार तर पाचवा-सहावा हिस्सा असतो आणि उरलेले सारे दूध. त्यावर दिलेला निकाल दुधाचा आणि साखरेचा असतो, कॉफीचा नव्हे.

हजारो दुकानांत, निरनिराळ्या मळ्यांतून आलेल्या बियांपासून, वर्षभर एकसारखी चव द्यायची तर गडद भाजणी, म्हणजे बिया अधिक काळपट होईपर्यंत भाजणे, सोयीची पडते, कारण ती बियांमधील फरक झाकते आणि तिचा कडवटपणा दुधातही टिकून राहतो. स्टारबक्सची ओळख अशाच भाजणीमुळे झाली. तरीही २०१२ मध्ये तिने ‘ब्लॉन्ड’ ही हलकी भाजणी आणली, तर सौम्य कॉफीसाठी ओळखल्या जाणाऱ्या टिम हॉर्टन्स या कॅनडाच्या साखळीने २०१४ मध्ये गडद भाजणी सुरू केली. म्हणजे एकाच फलकाखाली आज दोन-तीन वेगवेगळ्या चवी मिळतात. अशा वेळी कोणती भाजणी प्यायलो हे न सांगता ‘अमुक कंपनीची कॉफी जळकट लागते’ असे लिहिणे वाचकावर आणि त्या कंपनीवरही अन्याय करणारे आहे. मला स्वतःला मध्यम भाजणी आवडते, परंतु गडद भाजणीला दोष मानणे मला पटत नाही.

ताजेपणाचा मुद्दा तर याहूनही मोठा आहे. तयार कॉफीचे भांडे तापत्या तव्यावर बराच वेळ राहिले की तिच्यातील आम्ले बदलत जातात, सुवास उडून जातो आणि मागे आंबट-कडवट, जिभेला तुरट लागणारे पाणी उरते. म्हणूनच काही साखळ्यांनी कॉफी ओतून देण्यासाठी वीसेक मिनिटांची मुदत घालून घेतलेली आहे. ती पाळली गेली की नाही, यावर एकाच दुकानातील सकाळचा आणि दुपारचा कप ओळखू न येण्याइतका निराळा होतो, आणि हा फरक पुष्कळदा दोन कंपन्यांमधील फरकापेक्षा अधिक असतो.

चव पारखणारे जाणकार १५० मिलिलिटर पाण्याला सुमारे ८.२५ ग्रॅम पूड असे ठरलेले प्रमाण घेतात, चार मिनिटांनी वर आलेला पुडीचा थर चमच्याने मोडून वास घेतात आणि मग कॉफी निवत असताना पुनःपुन्हा चाखतात. कढत घोटात सारेच खपून जाते. कोमट झाल्यावर मात्र फळासारखा आंबटपणा असेल तर तो उमलतो, आणि शिळ्या बियांचा गोणपाटासारखा वासही लपत नाही. सामान्य वाचकाला इतका खटाटोप नको, परंतु एकाच प्रकारची भाजणी, दूध-साखरेविना, नुकती गाळलेली आणि नाव झाकलेल्या कपातून चाखणे कोणालाही जमण्यासारखे आहे.

तेव्हा आपल्या पुरवणीत यापुढे असा लेख छापताना कोणती भाजणी घेतली, ती गाळून किती वेळ झाला होता आणि चाखणाऱ्याला कंपनीचे नाव आधी ठाऊक होते का, एवढी माहिती चौकटीत अवश्य द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक