मी सुधारले नव्हते

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

हे फोनवरच सांगणार होते, पण फोनवर आपण तिघंही एकदम बोलतो आणि मुद्दा तसाच राहतो. म्हणून पत्र.

परवा तुमची नात झाडावरून उतरायला तयार नव्हती, तेव्हा आई, तू हसत म्हणालीस, "असू दे गं. तूही अशीच होतीस, शेवटी सुधारलीसच ना?" स्पीकर चालू होता. रात्री तिने मला विचारलं, "तू आधी बिघडलेली होतीस का?"

नव्हते. तिला सांगितलं, आणि तुम्हालाही सांगायचं राहून गेलंय.

बारीक केस, दादाचे जुने शर्ट, सोललेले गुडघे यात मला मुलगा व्हायचंय असं काही नव्हतं. धावायला आवडायचं, आणि फ्रॉकमध्ये धावता येत नाही, इतकं साधं. मैदानावरची मुलं "तू बाकीच्या मुलींसारखी नाहीस" म्हणायची आणि मी फुगायचे. त्या कौतुकात बाकीच्या मुलींना टोमणा होता, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात येत नव्हतं.

मग ते टोळकं विस्कटलं. मुली साधारण 8 ते 13 वर्षांच्या दरम्यान वयात यायला लागतात, मुलं सरासरी वर्ष-दीड वर्ष मागून. आमच्याकडे नेमकं तसंच झालं. आधी मी सगळ्यांच्या वर डोकं काढलं, त्याची थट्टा झाली. पुढे त्यांचे आवाज फुटले आणि मी जवळ गेले की त्यांचं बोलणं थांबायला लागलं. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर परवडलं असतं. मला चेंडू हळू टाकू लागले, बस. एकदा सोपा झेल सुटला तर सगळ्यात तोंडाळ मुलगा मवाळपणे "असू दे" म्हणाला. एरवी त्याने मला शिव्या घातल्या असत्या. त्या सुट्टीत मी खोलीतून बाहेर पडत नव्हते ना आई, ते अभ्यासाचं टेन्शन नव्हतं.

त्याच वर्षी वर्गातल्या त्या नटव्या मुलीशी माझं जमलं. तिच्याबद्दल बाबा म्हणायचे, "हिच्या संगतीने आमची पोरगी मार्गाला लागली." बाबा, तिने मला कुठल्याच मार्गाला लावलं नाही. ती केस बांधायची, आरसा पुढे धरायची आणि विचारायची, "आवडलं? नाहीतर सोडते." नटणं हा तिच्यासाठी खेळ होता आणि त्यात ती पट्टीची होती. चेंडू हवा तसा वळवणाऱ्या माझ्या हाताला डोळ्याच्या कडेने एक सरळ रेघ ओढता येईना, तेव्हा तिच्याबद्दल खरा आदर वाटला. कानातलं घालून पहिल्यांदा मैदानावर गेले तेव्हा मुलं खूप हसली. हिने मात्र मी खरचटलेल्या गुडघ्यांवर स्कर्ट घातला तरी कधी नाक मुरडलं नाही.

घरी मी पहिल्यांदा ड्रेस घातला, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. तुम्ही केवढे खूश झालात! "आता कशी मुलगी दिसतेस," म्हणालात, मावशीला फोन झाला, फोटो निघाले. मी तो ड्रेस त्याच संध्याकाळी कपाटात कोंबला आणि कितीतरी महिने बाहेर काढला नाही. मला तो आवडला होता, खूप आवडला होता. पण तो घालणं म्हणजे आधीची मी चूक होते असं कबूल करणं, असं तुमच्या आनंदामुळे झालं होतं.

आता लेकीच्या निमित्ताने वाचते. जॉन हिल आणि मेरी एलन लिंच या संशोधकांनी 1983 मध्ये मांडलं होतं की वयात येताना मुलींवर मुलींसारखं आणि मुलांवर मुलांसारखं वागण्याचं दडपण वाढतं. पुढच्या सगळ्या अभ्यासांत ते तसंच दिसलं नाही, पण माझ्यापुरतं मला ते पटलं. आणि बाबा, तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून सांगते: फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे उंच बूट घालून मिरवायचा, आणि 1918 मध्ये अमेरिकेतलं बाळांच्या कपड्यांचं एक व्यापारी मासिक गुलाबी रंग मुलग्यांसाठी सुचवत होतं. आपण मात्र गुलाबी उशीवरून केवढी युद्धं केली!

मी आज लिपस्टिक लावते ती हौसेने, आणि जिन्याच्या पायऱ्या अजून दोन-दोन चढते. लेक पुढे नटेल किंवा नाही नटणार, मला दोन्ही चालेल. फक्त ती नटली तर "अखेर!" म्हणू नका, आणि नाही नटली तर वाट बघत बसू नका.

सोबत तिचा फोटो पाठवतेय. गेल्या आठवड्यात तिने केस पार बारीक कापून घेतलेत. आम्ही आल्यावर दारातच धक्का नको. काही बोलायचं असेलच, तर आधी माझ्याशी बोलून घ्या. आणि बाबा, गुडघ्याला पट्टा बांधून ठेवा. तिला तुमच्याकडून लेगस्पिन शिकायचीय, आणि हळू टाकलेला चेंडू तिला चालत नाही.

तुमची लाडकी
लेक