शंकानिरसनाची खोली उघडी ठेवा

महोदय,

आमच्या तालुक्यातील महाविद्यालयाने ग्रंथालयाचे नूतनीकरण करून अभ्यासिका प्रशस्त केली, याचा पालक म्हणून मनापासून आनंद आहे. आमच्या घरी दोन खोल्यांत पाच माणसे. मुलीला तिथे स्वतःचे टेबल, चांगला उजेड आणि शांतता मिळते. पुण्यात स्पर्धा परीक्षांची मुले अशाच एका खुर्चीसाठी खासगी अभ्यासिकेत दरमहा पैसे भरतात. इथे ती ओळखपत्रावर मिळते.

खंत एवढीच, की अभ्यासिकेला लागून शंकानिरसनासाठी बांधलेली खोली बहुतेक वेळा कुलूपबंद असते. संख्याशास्त्राच्या गणितात अडलेली मुलगी पुस्तकांच्या कपाटाशेजारी बसूनही अडलेलीच राहते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. दहा मिनिटांत समजावून देणारे कोणी असेल, तर मुलांची अख्खी संध्याकाळ वाचेल.

त्यासाठी नवी पदे भरायची गरज नाही. ‘कमवा व शिका’ योजनेतील मुले ग्रंथालयात पुस्तके लावतात, नोंदी करतात. त्यांच्यातील पदव्युत्तर वर्गातल्यांना या खोलीत बसवावे आणि त्या तासांचे मानधन द्यावे. शिकवता शिकवता त्यांचाही विषय पक्का होईल. आठवड्यातून एकदा प्राध्यापकांनी डोकावले तरी पुरे.

वेळ मात्र दुपारची ठेवावी. खेड्यांतून येणाऱ्या मुलींना संध्याकाळची एसटी गाठायची असते.

— एक पालक