‘कोठडी सुनावली’ म्हणजे नक्की काय सुनावले? मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, मराठी भाषा विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : तुरुंग, कोठडी व कारावासासंबंधीच्या मराठी शब्दांचे अर्थ निश्चित करून ते लोकांपर्यंत पोहोचवण्याबाबत.

महोदय,

‘आरोपीला १४ दिवसांची न्यायालयीन कोठडी सुनावली’ हे वाक्य वृत्तपत्रांत रोज कुठे ना कुठे असते. सुनावतात ती शिक्षा. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते, निकाल लागला. प्रत्यक्षात खटला उभाही राहिलेला नसतो. शिवाय ही ‘न्यायालयीन’ कोठडी न्यायालयात नसते, ती तुरुंगात असते. पोलीस कोठडी म्हणजे तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात, लॉकअपमध्ये. न्यायालयीन कोठडीत पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय विचारपूस करता येत नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात हा फरक सगळ्यांना कळतो, पण इंग्रजी आद्याक्षरांत : ‘पीसीआर मिळाला’ (पोलीस कोठडी), ‘एमसीआर झाला’ (न्यायालयीन कोठडी). एमसीआर झाला की वकील जामिनाचा अर्ज काढतो आणि घरच्यांना हायसे वाटते. त्याच दिवशी गावातले लोक पेपर वाचून म्हणतात, ‘कोठडी झाली म्हणे त्याला.’

शब्द नसला की काय होते, ते पुढच्या टप्प्यावर दिसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार मृत्युदंड, जन्मठेप किंवा १० वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आणि बाकीच्या गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पहिल्या रिमांडचा, म्हणजे कोठडीत ठेवण्याच्या न्यायालयाच्या पहिल्या आदेशाचा, दिवसही मोजणीत धरतात. मात्र हा हक्क मागावा लागतो. ६१ व्या दिवशी अर्ज केला नाही आणि ६२ व्या दिवशी दोषारोपपत्र दाखल झाले, तर हक्क गेला. याला सगळे ‘डिफॉल्ट बेल’ म्हणतात. ज्याला दोन्ही इंग्रजी शब्द कळत नाहीत, तो हे मागणार कसे? ‘मुदतीचा जामीन’ म्हणा, ‘हक्काचा जामीन’ म्हणा. पण एक शब्द ठरवा आणि तो रिमांडच्या कागदावर, मुदत संपण्याच्या तारखेसह, छापा.

‘जन्मठेप म्हणजे १४ वर्षे’ ही समजूत तर घराघरांत आहे. तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळे मोजतात, म्हणून सातच वर्षे, असेही छातीठोक सांगणारे भेटतात. गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितले, की जन्मठेप म्हणजे उरलेला सगळा जन्म. शासनाने शिक्षेत सूट दिल्याशिवाय सुटका नाही. १४ चा आकडा आला तो अशा सुटकेवरच्या मर्यादेतून. मृत्युदंडही होऊ शकला असता अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर १४ वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येत नाही. म्हणजे १४ हा किमान आकडा आहे, आणि लोक तो कमाल समजून बसले आहेत. २० चा आकडाही असाच : शिक्षेचा निम्मा, पाव असा अंश काढायची वेळ आली, तर त्या हिशेबापुरती जन्मठेप २० वर्षे धरतात, एवढेच.

सर्वांत मोठा घोळ ‘अंधारकोठडी’चा. शब्द जोरकस आहे, बातमीत शोभतो, पण कायद्यात अंधार कुठेच नाही. तिथे तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एकांतवासाची शिक्षा फक्त न्यायालय देते, तीही सश्रम कारावासाचा भाग म्हणून : एकूण तीन महिन्यांच्या वर नाही, सलग १४ दिवसांच्या वर नाही, आणि मूळ शिक्षा तीन महिन्यांहून मोठी असेल तर कोणत्याही एका महिन्यात सात दिवसांच्या वर नाही. उरलेल्या दोन गोष्टी १८९४ च्या तुरुंग अधिनियमातल्या. शिस्तभंगासाठी अधीक्षक बंद्याला इतरांपासून वेगळे ठेवू शकतो किंवा कोठडीबंद करू शकतो. दोन्हींत इतरांशी बोलणे बंद, दिसणे बंद नाही. वेगळे ठेवलेल्याला रोज किमान एक तास व्यायाम आणि कुणाच्या तरी सोबतीने जेवण मिळायलाच हवे. ही मुभा कोठडीबंद माणसाला नाही, म्हणून त्याची मुदत १४ दिवसांवर थांबते. तिन्हींना एकच शब्द वापरला, की नातेवाइकाला तक्रार नेमकी कशाची करायची तेच कळत नाही.

मुळात कोठडी हे कोठी-कोठाराच्या घरातले नाव, सामान ठेवायच्या लहान खोलीचे. गडावर दिसेल त्या बिनखिडकीच्या खोलीला ‘कैद्यांची कोठडी’ अशी पाटी लावण्याआधी हे आठवावे. आणि ‘तुरुंग’ तर पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आलेला. त्याचा अर्थ झाडाचे खोड, मग पाय अडकवायचे लाकूड, मग बंदिशाळा. आपला खोडाही खोडातूनच निघाला. परका म्हणून तुरुंग हाकलून ‘कारागृह’ लिहिल्याने काहीच सुटत नाही. तुरुंग लोकांना कळतो, तो राहू द्या.

उलट बाजूही आहे. शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला तुरुंगाबाहेर काही दिवस जाऊ देतात. त्यातल्या फर्लोला ‘संचित रजा’ आणि पॅरोलला ‘अभिवचन रजा’ हे शासनाचे शब्द उत्तम आहेत. पॅरोलचा मूळ फ्रेंच अर्थच ‘दिलेला शब्द’. संचित रजेचे दिवस शिक्षेतून माफ होतात, अभिवचन रजेचे होत नाहीत. हा फरक दोन्ही नावांत सामावला आहे. पण बराकीत त्या दोन्हींना नुसते ‘रजा’ म्हणतात, आणि सुटकेची तारीख काढताना घरचा हिशेब चुकतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मंजूर झाला. त्याच दिवशी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतले जातीवर आधारलेले नियम रद्द केले, बंद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले आणि ‘सवयीचा गुन्हेगार’ हा शब्द कायद्यातल्या व्याख्येपुरताच ठेवायला लावला. मराठीत मात्र पूर्वी एक तक्रार असली तरी माणूस ‘सराईत’ होतो. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्या सोलापूरच्या वस्तीला अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. ‘सराईत’ हा शब्द त्यांना पुन्हा चिकटू नये.

भाषेमुळे माणूस सुटल्याचा दाखला आपल्याच राज्यातला आहे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६२. स्थानबद्धतेची, म्हणजे खटल्याशिवाय अटकेत ठेवण्याची, कारणे हरिकिसनला इंग्रजीत दिली, त्याने हिंदीत मागितली, दिली नाहीत; सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धता रद्द केली.

भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहेच. त्यातून तुरुंगाचे ५०-६० शब्द निवडून, प्रत्येकापुढे दोन साध्या ओळींचा अर्थ आणि लागू असेल तिथे मुदत, एवढी एक पुस्तिका करावी. ती गृह विभागाबरोबर बसून करावी, कारण निव्वळ भाषातज्ज्ञांनी केली तर ती कुणाला कळणार नाही आणि निव्वळ तुरुंग विभागाने केली तर ती बाहेर येणार नाही. तुरुंग नियमावलीच्या मराठी मसुद्यात याच शब्दांचा वापर सक्तीचा करावा. पहिल्या प्रती तुरुंगात नातेवाइकांच्या भेटीच्या मुलाखत खोलीबाहेरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागाव्यात. तिथे लोक तासन्‌तास उभे असतात.

आपले,
न्यायालय व तुरुंगाच्या कागदपत्रांचे मराठी करणारे काही अनुवादक