छापून आलेल्या ग्रंथाच्या पोथ्याही जपाव्यात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ‘ज्ञान भारतम्’ मोहीम जाहीर झाली. अशा मोहिमेत जुनी पोथी समोर आली की ‘हा ग्रंथ तर छापून झाला आहे, मग ही प्रत कशाला?’ असा प्रश्न हमखास निघतो. युरोपातील मध्ययुगीन वाङ्मयाच्या अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत या प्रश्नाला दिलेले उत्तर आपल्या सोलापूर जिल्ह्यालाही उपयोगी आहे.

एकोणिसाव्या शतकात कार्ल लाखमान या जर्मन पंडिताच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत तिकडे रूढ झाली. निरनिराळ्या प्रतींतील समान चुकांवरून त्यांची वंशावळ मांडायची आणि मूळ संहितेच्या शक्य तितके जवळ जायचे, असा तिचा क्रम. संस्कृत पंडित वि. स. सुखटणकरांनी महाभारताच्या, अनेक प्रती ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीसाठी ही दृष्टी आपल्या परंपरेला मानवेल अशी मुरड घालून वापरली, आणि त्या कामाची थोरवी वादातीत आहे. मात्र १९८९ मध्ये बेर्नार सेर्किलिनी यांनी पाठभेदांची, म्हणजे प्रतीप्रतींतील मजकुराच्या फरकांची, बाजू घेणारे छोटेखानी फ्रेंच पुस्तक लिहिले, १९९० मध्ये अमेरिकेतील ‘स्पेक्युलम’ नियतकालिकाने ‘नव्या फिलॉलॉजी’वर, म्हणजे जुन्या संहितांच्या अभ्यासाच्या नव्या दृष्टीवर, खास अंक काढला, आणि मध्ययुगीन संहिता मुळातच बदलती असते हा विचार बळावला. मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ या कथासंग्रहाच्या ऐंशीहून अधिक हस्तप्रती उपलब्ध आहेत, परंतु त्यांत कथांचा क्रमसुद्धा एकसारखा नाही. संपादकाने त्यांतला एकच क्रम छापला, तर बाकीच्या प्रती वाचणाऱ्यांपुढे नेमके काय होते, हे कळायला मार्ग उरत नाही.

पुढे अभ्यासकांचे लक्ष अक्षरांपलीकडे, खुद्द पानांकडे गेले. कॅथरिन रूडी यांनी नेदरलँड्समधील प्रार्थनापुस्तकांच्या पानांवरील मळ उपकरणाने मोजून कोणत्या प्रार्थना अधिक वाचल्या जात, याचा माग काढला. तेराव्या शतकातील छोट्या बायबलांचे अतितलम चर्मपत्र न जन्मलेल्या वासरांच्या कातड्याचे असावे, असा समज होता. २०१५ मध्ये यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी खोडरबर घासून निघालेल्या चुऱ्यातील प्रथिने तपासली, तेव्हा वासरू, शेळी आणि मेंढी या नेहमीच्याच प्राण्यांची कातडी आढळली. पानाचा कपटाही कापावा लागला नाही, हे विशेष. आपल्या बहुतेक पोथ्या कागदाच्या असल्याने ही चाचणी येथे लागू पडणार नाही, परंतु मळ, शाई, शिवण यांनाही पुरावा मानण्याची वृत्ती आपल्याला घेता येईल.

सोलापूरला हे काम परके नाही. जीवराज जैन ग्रंथमालेतून १९४३ मध्ये आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन यांनी संपादित केलेली ‘तिलोयपण्णत्ती’ (जैन विश्वरचनेवरील प्राचीन प्राकृत ग्रंथ) येथूनच प्रसिद्ध होऊ लागली. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात अभंगांची बाडे (हस्तलिखित वह्या) अजूनही घरोघरी सापडू शकतात, आणि एकच अभंग दोन बाडांत दोन संतांच्या नाममुद्रेने येतो, हे वारकरी वाङ्मयाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. त्यांतले एक बाड ‘चुकीचे’ ठरवून बाजूला सारले, तर तो अभंग वारकऱ्यांच्या कोणत्या फडावर कोणाच्या नावाने गायला जात होता, याचा धागाच तुटेल.

म्हणून सर्वेक्षण करणाऱ्यांना विनंती की, केवळ मजकुराची पाने टिपून थांबू नये. पुठ्ठे, वेष्टन, कोरी पाने, समासातील टिपणे आणि लेखनिकाचे नाव-गाव सांगणारी पुष्पिका यांचीही छायाचित्रे घ्यावीत. एकाच ग्रंथाच्या दहा प्रती मिळाल्या तर दहांची स्वतंत्र नोंद करावी. घरोघरच्या मंडळींनीही जीर्ण पोथी भीमेत विसर्जित करण्यापूर्वी किंवा तिला प्लास्टिकचे लॅमिनेशन करण्यापूर्वी एखाद्या जाणकार ग्रंथपालाला दाखवावी.

आपला,
एक वाचक, सोलापूर