आधी बाहेर पडायची वाट दाखवलीत, ताई

ताई, सप्रेम नमस्कार.

दुरुस्त झालेला कॅमेरा न्यायला तुम्ही आलात आणि माझ्या टेबलापाशी तासभर अडकलात, त्याला आता वर्ष होईल. तुमची नोंद शोधायलाच मला वीस मिनिटं लागली होती. तुम्ही चिडला नाहीत. एवढंच विचारलंत, "हे सगळं ठेवता कुठे?" मी एक्सेलच्या तीन फायली दाखवल्या. सिरियल नंबरांपुढची शून्यं त्यांत कधीच गळून गेली होती आणि एकच गिऱ्हाईक चार वेगवेगळ्या स्पेलिंगांनी नांदत होतं. वर मी ऐटीत सांगितलं, की आता अ‍ॅक्सेस, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा नोंदी ठेवायचा डेटाबेस प्रोग्राम, घेतोय. तुम्ही हसलात. मॅकसाठी, म्हणजे अ‍ॅपलच्या संगणकासाठी, अ‍ॅक्सेस कधी निघालंच नाही, हे इतकी वर्षं मॅकवर काम करून मला ठाऊक नव्हतं! मॅकवरच्या ऑफिसमध्ये वर्ड आहे, एक्सेल आहे, म्हणजे तेही असणारच, असं मी धरून चाललो होतो.

मग पावतीच्या पाठीवर तुम्ही तीन चौकोन काढलेत: गिऱ्हाईक, कॅमेरा, दुरुस्ती. एका गिऱ्हाइकाचे अनेक कॅमेरे, एका कॅमेऱ्याच्या अनेक दुरुस्त्या. ती पावती अजून माझ्याकडे आहे.

मी दुसऱ्या डेटाबेस प्रोग्रामांची नावं घेत गेलो, तुम्ही प्रत्येकाला दोन वाक्यं दिलीत. लिबरऑफिस बेस फुकट आहे, मॅकवर चालतं, एकट्यानं वापरायला ठीक. पण त्याची एकच फाईल चार जणांनी एकदम उघडून लिहायची म्हटलं तर निभणार नाही. पोस्टग्रेस भक्कम आणि मोफत, पण ते नुसतं कोठार आहे. नोंदी भरायचे पडदे (स्क्रीन) कुणीतरी बांधून द्यावे लागतील, आणि तो कुणीतरी आमच्याकडे नव्हता. मॅकमध्येच विंडोज बसवून अ‍ॅक्सेस चालवावं का, यावर तुमचा प्रश्न होता, "त्या दुसऱ्या संगणकाची देखभाल कोण करणार?" राहिलं फाईलमेकर. १९८५ पासून मॅकवर असलेलं, आता अ‍ॅपलच्याच क्लॅरिस कंपनीचं, आयपॅडवरही उघडणारं. वर्गणी दरवर्षी मोजावी लागेल, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत.

मी लगेच घ्यायला निघालो होतो. तुम्ही थांबवलंत, आणि खरे आभार त्याचे आहेत. "चाचणीची आवृत्ती घ्या, पन्नास नोंदी भरा. आणि मग सगळं बाहेर काढून दाखवा."

मला ते विचित्र वाटलं. घरात पाय ठेवायच्या आधी मागचा दरवाजा कशाला बघायचा? पण याआधी एका छोट्या प्रोग्राममध्ये मी दोन वर्षांच्या नोंदी भरल्या होत्या. तो बंद पडला आणि त्या बाहेर काढता आल्या नाहीत, हे तुम्ही बोलण्याच्या ओघात माझ्याकडून काढून घेतलं होतंत.

पन्नास नोंदी भरल्या, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाईल) काढली, एक्सेलमध्ये उघडली. मराठी नावांचा चिवडा झाला होता आणि शून्यं पुन्हा गायब. मी तावातावानं तुम्हाला फोन केला. फाईल बरोबर होती, उघडायची रीत चुकली होती: डबल क्लिक न करता इम्पोर्ट करायची, मराठी अक्षरं नीट वाचली जावीत म्हणून यूटीएफ-८ ही अक्षर-पद्धत निवडायची आणि सिरियल नंबराचा रकाना मजकूर म्हणून घ्यायचा. त्यानंतर सगळं जागच्या जागी आलं. फक्त फोटो नव्हते. कॅमेरा ताब्यात घेताना त्यावरच्या ओरखड्यांचे आम्ही काढतो ते फोटो, म्हणजे आमचा अर्धा जीव. सीएसव्ही म्हणजे निव्वळ मजकूर, फोटो तिच्यात जातच नाहीत. हे पन्नास नोंदींवर कळलं. पाच हजारांवर कळलं असतं तर काय केलं असतं, देव जाणे. तुमच्या सांगण्यावरून फोटो डेटाबेसबाहेरच्या फोल्डरमध्ये साध्या फायली म्हणून ठेवायची सोय आम्ही पहिल्याच दिवशी लावली.

दुसरी सूचना मी जवळजवळ मोडली होती. सगळ्यांना हाताशी राहावी म्हणून चालू फाईल क्लाउडच्या फोल्डरमध्ये टाकायला निघालो होतो. उघड्या डेटाबेसची अशी अर्धवट नक्कल झाली की फाईल बिघडू शकते, हे तुमचं बोलणं ऐन वेळी आठवलं. आता एका जुन्या मॅकवर सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना तीच एक फाईल पुरवणारा प्रोग्राम, चालतो. तो रोज रात्री स्वतः बॅकअप घेतो आणि टाइम मशीन ही मॅकमधली प्रती ठेवायची सोय फक्त त्या बॅकअपची प्रत करते, चालू फाईलला हात लावत नाही.

दर तीन महिन्यांनी सगळा डेटा बाहेर काढून दुसऱ्या मॅकवर उघडून बघतो. आमच्यातला सगळ्यात तरुण कारागीर त्याला "ताईंची परीक्षा" म्हणतो. मागच्या वेळी तो स्वतः बसला आणि फोटोंच्या दोन फोल्डरांना एकच नाव पडल्याचं त्यानं पकडलं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, निदान एवढं तरी घ्या: तुमच्या कॅमेऱ्याचं शटर तपासायची तारीख याच महिन्यात आहे. नोंद तीन सेकंदांत सापडली. कॅमेरा घेऊन या.

तुमचा,
कॅमेरा दुरुस्तीवाला