कासवाच्या पिल्लाचे लिंग आणि आरोग्य यांबाबत दिलेल्या निराधार प्रमाणपत्राविषयी तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
पुणे.

विषय : सल्काटा कासवाच्या पिल्लासोबत दिलेले 'मादीची खात्री' व 'आरोग्य तपासणी' प्रमाणपत्र मागे घेणे, त्यापोटी आकारलेली रक्कम परत करणे आणि सोबत पाठवलेले जंतनाशक तातडीने थांबवणे.

महोदय,

आपल्या कंपनीकडून आम्ही आफ्रिकी सल्काटा जातीच्या कासवाचे एक पिल्लू विकत घेतले. बिलात पिल्लाच्या किमतीखेरीज 'मादीची खात्री' या नावाखाली 4,000 रुपये आणि 'आरोग्य तपासणी व प्रमाणपत्र' या नावाखाली 1,500 रुपये अशा दोन वेगळ्या रकमा लावलेल्या आहेत. पिल्लाविषयी माझी तक्रार नाही. ते धीट आहे, खादाड आहे आणि घरात रुळले आहे. माझी तक्रार या दोन रकमांविषयी, त्यांच्या बदल्यात हाती दिलेल्या कागदाविषयी आणि त्या कागदासोबत पाठवलेल्या औषधाच्या बाटलीविषयी आहे. ज्या गोष्टीची खात्री या वयात कोणालाच देता येत नाही तिची आपण पैसे घेऊन खात्री दिलीत, आणि जी तपासणी एक वजनकाटा व विष्ठेचा एक नमुना एवढ्यावर झाली असती ती मात्र केली नाहीत, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

मादीचा आग्रह आम्ही हौसेपोटी धरलेला नव्हता. गॅलापागोस आणि अल्डाब्रा येथील महाकाय कासवांनंतर आकाराने सल्काटाचाच क्रम लागतो, आणि पूर्ण वाढलेल्या नराचे वजन पंचेचाळीस किलोच्याही पुढे जाऊ शकते. मादी सहसा त्याहून लहान राहते. शिवाय वयात आलेले नर दुसऱ्या कासवाला, कुंपणाला, प्रसंगी माणसाच्या पायांनाही धडका देतात. साताऱ्याला आमच्या घरामागे बंदिस्त अंगण आहे, पण घरात वयस्कर माणसे आहेत, म्हणून जास्त पैसे मोजून मादी घेण्याचे ठरले. आपल्या विक्री प्रतिनिधींना हे कारण आम्ही आधीच सांगितले होते.

प्रमाणपत्रात लिंगनिश्चितीचा आधार म्हणून 'आखूड शेपूट व सपाट पोटकवच' अशी नोंद आहे. प्रौढ कासवांत ही लक्षणे खरोखरच उपयोगी पडतात. नराची शेपूट लांब व बुंध्याशी जाड असते, मादीवर चढताना तोल राहावा म्हणून त्याचे पोटकवच मध्यभागी खोलगट होते, शेपटीजवळच्या शेवटच्या दोन खवल्यांमधला कोन रुंद असतो, आणि सल्काटाच्या नरात गळ्याखालचे खवले पुढे अधिक बाहेर आलेले दिसतात. परंतु ही सगळी लक्षणे वाढीबरोबर उमटतात. सल्काटाच्या पाठीचे कवच साधारण तीस ते पस्तीस सेंटिमीटर लांब होईपर्यंत त्यांवर भरवसा ठेवता येत नाही, आणि आमच्या पिल्लाचे कवच जेमतेम नऊ सेंटिमीटर आहे. या वयात नर असो वा मादी, शेपूट आखूडच असते आणि पोट सपाटच असते. म्हणजे आपण लावलेल्या कसोटीवर आपल्या दुकानातले प्रत्येक पिल्लू मादीच ठरेल, आणि प्रत्येकामागे चार हजार रुपये आकारता येतील. अशी किती प्रमाणपत्रे आजवर दिली गेली आहेत, हे आपणच तपासून पाहावे.

याविषयी विचारणा केल्यावर आपल्या प्रतिनिधींनी ईमेलने कळवले की, "पोपटांप्रमाणेच या पिल्लाचीही डीएनए चाचणी झालेली आहे." या चाचणीचा अहवाल मी मागितला, तो आजतागायत मिळालेला नाही, आणि मिळेल असे मला वाटतही नाही. पोपटात नर व मादी यांची लिंगगुणसूत्रे वेगवेगळी असतात, म्हणून एखाद्या पिसावरून किंवा रक्ताच्या थेंबावरून त्याचे लिंग प्रयोगशाळेत सांगता येते. सल्काटाचे लिंग मात्र गुणसूत्रांवरून नव्हे, तर अंडे उबवताना मिळालेल्या तापमानावरून ठरते. उबवणीचे तापमान कमी असेल तर नर आणि जास्त असेल तर माद्या निपजतात. त्यामुळे पोपटासाठी जी चाचणी चालते ती येथे लागूच होत नाही. हे पिल्लू आपल्याच प्रजनन केंद्रात जन्मले असे आपल्या जाहिरातीत म्हटले आहे. ते खरे असेल तर उबवणीच्या पेटीतील तापमानाची नोंदवही आपल्याकडे असायला हवी, आणि तिच्या आधारे 'मादी असण्याची शक्यता अधिक' एवढे विधान तरी प्रामाणिकपणे करता आले असते. ती नोंदही मी मागितली. तिच्यावर उत्तर आले नाही.

भूल देऊन, बारीक दुर्बीण पोटात घालून आतील जननग्रंथी प्रत्यक्ष पाहणे हा लहान कासवाचे लिंग निश्चित करण्याचा एक मार्ग आहे, हे मला ठाऊक आहे. पण ती प्रशिक्षित पशुवैद्यकाने करावयाची शस्त्रक्रिया आहे, आणि केवळ ग्राहकाच्या पसंतीसाठी मुठीएवढ्या जिवावर ती कोणी करावी असे मी कधीही म्हणणार नाही. आपण ती केलेली नाही हे उघड आहे. मग 'खात्री' हा शब्द कशाच्या बळावर लिहिला, हा प्रश्न उरतोच.

आता आरोग्याच्या भागाकडे वळते. प्रमाणपत्रात 'वजन : जॅक्सन गुणोत्तरानुसार योग्य', 'आरोग्य : उत्तम' आणि 'शीतनिद्रेसाठी योग्य' अशी तीन विधाने आहेत, प्रत्यक्ष वजन ग्रॅममध्ये किंवा कवचाची लांबी कोठेही लिहिलेली नाही. जॅक्सन गुणोत्तर म्हणजे कवचाच्या लांबीच्या मानाने वजन पुरेसे आहे का हे दाखवणारे प्रमाण, आणि या दोन आकड्यांशिवाय ते काढताच येत नाही. त्यातही जॅक्सन गुणोत्तर हे भूमध्य सागराभोवती आढळणाऱ्या हर्मन व ग्रीक या लहान कासवांच्या मोजमापांवरून बांधलेले आहे आणि ते मुख्यत्वे शीतनिद्रेपूर्वी वजन पुरेसे आहे का हे पाहण्यासाठी वापरले जाते. सल्काटा सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचे कासव आहे. ते कडक उन्हाळ्यात बिळात शिरून दिवस काढते, शीतनिद्रा मात्र घेत नाही. एखाद्या नवख्या ग्राहकाने आपल्या प्रमाणपत्रावर विसंबून डिसेंबरच्या गारठ्यात पिल्लाला खोक्यात बंद करून ठेवले असते, तर फुप्फुसांचा संसर्ग होऊन ते दगावण्याची भीती होती. हे वाक्य दुसऱ्या जातीच्या छापील नमुन्यातून जसेच्या तसे उतरले असावे, असा माझा अंदाज आहे.

पिल्लू घरी आल्यावर आम्ही ते परदेशी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका पशुवैद्यकांना दाखवले. त्यांनी केलेली तपासणी मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण दीड हजार रुपयांत आपल्याकडून हीच अपेक्षा होती. त्यांनी प्रथम पिल्लाचे वजन ग्रॅममध्ये घेतले आणि कवचाची लांबी, टेप वळणावरून न फिरवता, दोन टोकांमध्ये सरळ मोजून दोन्ही आकडे तारखेसह लिहून दिले. पुढील वाढ याच आकड्यांशी ताडून पाहायची आहे. मग डोळे खोल गेलेले किंवा सुजलेले नाहीत ना, नाकपुड्यांतून पाणी अथवा बुडबुडे येत नाहीत ना, तोंडाच्या आतला रंग फिका नाही ना आणि चोच वाढलेली नाही ना, हे पाहिले. कासवाला आपल्यासारखे श्वासपटल (छाती व पोट यांमधला स्नायूंचा पडदा) नसल्याने ते खोकून छातीतला कफ बाहेर टाकू शकत नाही, त्यामुळे नाकातला ओलावा आणि मान ताणून तोंडाने घेतलेला श्वास यांकडे लवकर लक्ष द्यावे लागते, असे त्यांनी समजावून सांगितले. कवच हलक्या हाताने दाबून त्याचा कडकपणा पाहिला, चारही पायांचा जोर पाहिला, शेपटीखालची जागा स्वच्छ आहे का ते पाहिले, आणि लघवीबरोबर पडणारा पांढरा पदार्थ मऊ आहे की रवाळ, असे विचारले. तो रवाळ होता. म्हणजे पिल्लाच्या अंगात पाणी कमी पडत होते. पाठीवरच्या खवल्यांना किंचित उंचवटे येऊ लागल्याचेही त्यांनी दाखवले. सल्काटाच्याच पिल्लांवर 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा उंचवट्यांमागे आहारातील प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले होते. आपल्या माहितीपत्रकात मात्र 'वाळवंटी प्राणी असल्याने पूर्ण कोरडे ठेवावे' असा सल्ला दिलेला आहे. हे दोन्ही दोष गंभीर नाहीत आणि कोमट पाण्याच्या उथळ थाळीने व दमट निवाऱ्याने ते आटोक्यात आले आहेत; परंतु 'आरोग्य उत्तम' या दोन शब्दांत ते बसत नाहीत.

या पत्रातील सर्वांत गंभीर बाब औषधाची आहे. प्रमाणपत्रासोबत आपण 'सर्व प्राण्यांसाठी जंतनाशक' म्हणून एक बाटली पाठवली आणि पहिल्याच आठवड्यात त्यातील थेंब तोंडात घालण्याची सूचना चिठ्ठीवर लिहिली. बाटलीवरील बारीक अक्षरांत घटक आयव्हरमेक्टिन असल्याचे दिसते. गुराढोरांना जंत व गोचीड यांवर हे औषध सर्रास दिले जाते, म्हणून बहुधा कोणाला त्यात धोका दिसला नसावा. कासवांच्या बाबतीत मात्र ते विष आहे. त्याने कासवाचे अंग लुळे पडते, श्वास मंदावतो आणि मृत्यू ओढवतो. त्यावर खास उतारा नाही. पशुवैद्यकीय साहित्यात ही गोष्ट 1983 सालापासून नोंदलेली आहे, तेव्हा ती नवीन किंवा दुर्मीळ माहिती म्हणता येणार नाही. पशुवैद्यकांनी बाटली पाहताच ती बाजूला काढून ठेवायला सांगितले. त्यांनी आधी विष्ठेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात सूत्रकृमींची थोडी अंडी दिसली, आणि एवढे जंत निरोगी कासवाच्या आतड्यातही असतात, त्यामुळे सध्या कोणत्याच औषधाची गरज नाही, असा त्यांचा निर्णय झाला. पुढे गरज पडलीच तर फेनबेंडाझोलसारखे दुसरे औषध वजनाच्या हिशेबाने द्यावे लागेल. आपण ना वजन घेतले, ना विष्ठा तपासली, आणि थेट जीवघेणे औषध पाठवून दिले. माझ्या आधी व नंतर ज्या ग्राहकांना ही बाटली गेली असेल, त्या प्रत्येकाला आपण आजच्या आज फोन करून सावध करावे, ही माझी पहिली मागणी आहे आणि पैशांच्या मागणीपूर्वी तिची दखल घ्यावी.

माझ्या पहिल्या ईमेलला आपल्या ग्राहक सेवा कक्षाने दिलेले उत्तरही येथे नोंदवते. 'पिल्लू नर निघाल्यास पंधरा दिवसांच्या आत बदलून दिले जाईल' असे त्यात म्हटले आहे. ज्या प्राण्याचे लिंग कळायला काही वर्षे लागतात, त्याच्यासाठी पंधरा दिवसांची मुदत देणे म्हणजे भरपाई कधीच द्यावी लागणार नाही अशी सोय करून ठेवणे होय. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रार दाखल करण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. शेपूट लांब होण्याची वाट पाहत बसले, तर तीही टळून जाईल. म्हणूनच माझी तक्रार हे पिल्लू नर आहे अशी नाही. ते उद्या मादीच निघाले तरी ही तक्रार तशीच राहील, कारण आपण विकली ती खात्री होती आणि खात्रीला विक्रीच्या दिवशी काहीही आधार नव्हता. माझ्या मते ही सरळसरळ अनुचित व्यापारी प्रथा आहे. (माझ्या मुलीने यमुनेचे वाहन कासव म्हणून पिल्लाचे नाव यमुना ठेवले आहे. नर निघाला तरी ते बदलायचे नाही, असे घरात ठरले आहे.)

पिल्लू आम्ही परत करणार नाही आणि त्याच्या बदल्यात दुसरेही नको आहे. 'मादीची खात्री' व 'आरोग्य तपासणी' यांपोटी घेतलेले एकूण 5,500 रुपये आणि पशुवैद्यकीय तपासणीचा खर्च आपण परत करावा. सदर प्रमाणपत्र लेखी मागे घ्यावे. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांच्या ताब्याची नोंदणी बंधनकारक आहे, म्हणून आपण दिलेल्या हस्तांतरण पत्रावरील 'मादी' हा शब्द काढून 'लिंग अनिश्चित' अशी दुरुस्ती केलेली नवी प्रतही हवी आहे. आपल्या संकेतस्थळावर लहान कासवांच्या लिंगाची खात्री देणारी जाहिरात अजून दिसते; ती काढावी, आणि यापुढे आरोग्य प्रमाणपत्र द्यायचेच असेल तर त्यावर वजन, लांबी, विष्ठा तपासणीचा निष्कर्ष आणि तपासणाऱ्या नोंदणीकृत पशुवैद्यकांची सही असावी. आमच्या प्रमाणपत्रावर केवळ कंपनीचा शिक्का आहे.

हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 येथे तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन, आणि औषधाची बाब राज्य पशु कल्याण मंडळाला स्वतंत्रपणे कळवेन. औषधाची बाटली सीलबंद करून माझ्याकडे ठेवलेली आहे; आपल्या प्रतिनिधीला ती पाहता येईल, मात्र ताब्यात दिली जाणार नाही.

आपली ग्राहक,
(सही)
सातारा

सोबत : बिल, प्रमाणपत्र व हस्तांतरण पत्र यांच्या छायाप्रती, पशुवैद्यकांचा तपासणी अहवाल, विष्ठा तपासणीचा निष्कर्ष, औषधाच्या बाटलीची व सूचनेच्या चिठ्ठीची छायाचित्रे, आणि आपल्या कार्यालयाशी झालेला ईमेल पत्रव्यवहार.