दारफळणीचा सण

वॉल्थम, मॅसॅच्युसेट्स
२६ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फराळाचा डबा शुक्रवारी पोचला. चकल्यांचा भुगा झालाय, तो मी दह्यात कालवून संपवला, त्यामुळे आई, तू हळहळू नकोस. करंज्या मात्र एकूण एक शाबूत. तू त्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळल्या होत्यास ना, तो तुकडा मी परत पाठवणार नाहीये.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. पण आधी थोडं इथलं ऐका, नाहीतर म्हणाल, हिला एकाएकी काय सुचलं.

यंदा आपले घट बसले २२ सप्टेंबरला. त्याच दिवशी सूर्यास्ताला इथे रोश हशानाह सुरू झालं, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष, ५७८६ वं. मग २ ऑक्टोबरला दसरा, आणि नेमका तोच दिवस योम किप्पूरचा, त्यांच्या सगळ्यांत कडक उपासाचा. ६ तारखेला कोजागिरी. त्याच संध्याकाळी त्यांचा सुक्कोत हा सण लागला. मला वाटलं, योगायोग. नंतर एका व्याख्यानाला गेले (समोशांच्या आशेने, खरं सांगते), तिथे उलगडा झाला. त्यांचे महिनेही चंद्राचे आणि त्यांनाही अधिक महिना घालावा लागतो, १९ वर्षांत ७ वेळा. आपला साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो. त्यामुळे हे सगळे सण ज्यात येतात तो त्यांचा तिश्री महिना आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या आसपासच राहतो. मुस्लिम कालगणनेत अधिक महिना नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. तुम्ही पाठवलेलं पंचांग मी त्या रात्री पहिल्यांदा नीट उघडून पाहिलं. तुम्हाला बरं वाटेल म्हणून सांगतेय.

आमचं ब्रँडाइस हे अमेरिकेतल्या ज्यू समाजाने १९४८ साली उभं केलेलं विद्यापीठ, पण दारं सगळ्या धर्मांच्या मुलांना पहिल्यापासून उघडी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यू सणांच्या इतक्या सुट्या असतात की सोमवारचे बुडालेले वर्ग भलत्याच वारी भरतात, आणि त्या वाराला सगळे ‘ब्रँडाइस सोमवार’ म्हणतात. पहिल्या वर्षी मी अशा एका ‘सोमवारी’ चुकीच्या वर्गात अर्धा तास बसले होते.

टेकडीच्या उतारावर एक तळं आहे आणि त्याच्याभोवती तीन छोटी प्रार्थनामंदिरं: एक ज्यूंचं, एक कॅथलिकांचं, एक प्रोटेस्टंटांचं. मॅक्स अब्रामोविट्झ या वास्तुकाराने १९५५ च्या सुमारास ती अशी बसवली की एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये. इथे नव्या आलेल्या प्रत्येकाला हे सांगतात. मी गेल्या आठवड्यात चारच्या उन्हात मुद्दाम जाऊन उभी राहिले. झाडांच्या सावल्या तिन्हींवर पडल्या होत्या, मॅपलची लाल पानं तिन्हींच्या पायऱ्यांवर होती. आपल्याला आणि मुस्लिम मुलांना तळ्याकाठी देऊळ-मशीद नाही, विद्यार्थ्यांच्या इमारतीत खोल्या आहेत. आमच्या खोलीत चपला बाहेर काढायला लागल्या की मला घरी आल्यासारखं वाटतं, त्यात बाकी विशेष काही नाही.

आई, आता तुझ्यासाठी. सुक्कोतला हे लोक अंगणात मांडव घालतात, त्याला सुक्का म्हणतात. छप्पर तोडलेल्या फांद्यांचं. सावली उन्हापेक्षा जास्त हवी, पण रात्री फटींतून चांदण्या दिसायला हव्यात. त्यात बसून जेवायचं आणि पाहुण्यांना बोलवायचं. कोजागिरीला मी तिथे होते. थंडी अशी की मसाला दुधाची आठवण येऊन जीव नको झाला, चंद्र मात्र फांद्यांतून बरोबर डोक्यावर. तिथे एकाने झावळी, दोन तऱ्हेच्या डहाळ्या आणि एक मोठं सुरकुतलेलं पिवळं फळ हातात धरलं होतं. त्याला ते एत्रोग म्हणतात. वास घेतला आणि ओळखलं, अगं, महाळुंग! आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच. मी हे तिथे सांगितलं, तर तो एत्रोगवाला फळाकडे असं बघायला लागला की जणू त्याचं आधी दुसरीकडे लग्न झालं होतं.

बाबा, तुम्ही फोनवर आवाज खाली करून विचारलंत, तिकडे भांडणं आहेत का म्हणून. गाझाच्या युद्धावरून दोन वर्षं इथल्या बहुतेक विद्यापीठांत मनं दुखावलेली आहेत. त्या मांडवातही दोघंजण एकमेकांकडे न बघता जेवत होते. पण जेवत होते, एवढं मी पाहिलं.

तर काम हे. त्या जेवणात कुणीतरी विचारलं, तुझ्या गावी ज्यू कधी पाहिलेस का? मी म्हटलं, मी अलिबागची आहे, आमच्याकडे इस्रायल आळी आहे, कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्रायलांची. कुणाचा विश्वास बसेना. मग मी त्यांच्या पूर्वजांची नवगावची गोष्ट सांगितली, फुटलेलं जहाज, वाचलेली सात जोडपी. त्यांना शनवारतेली का म्हणायचे ते सांगितलं, की घाणे चालवायचे पण शनिवारी बंद. गावावरून पडलेली -कर आडनावं सांगितली. आणि योम किप्पूरला आपल्याकडचे बेने इस्रायल ‘दारफळणीचा सण’ म्हणायचे, रोश हशानाहला ‘नव्याचा सण’, हे सांगितल्यावर शेजारी बसलेल्या बाई हातातला चमचा तसाच धरून राहिल्या. ‘फळणी’चा अर्थ सांगताना मी दोन्ही हातांनी दाराच्या फळ्या लावून दाखवल्या.

एवढं सगळं आलं, आणि मग त्या बाईंनी विचारलं, बेने इस्रायलांच्या मलिद्याच्या, म्हणजे प्रसादाच्या, ताटात काय काय असतं आणि म्हणतात काय? इथे मी अडकले. पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं, हे माहीत होतं. एलियाहू हनाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने करतात, हेही. लहानपणी समोरच्या आजींकडे किती वेळा खाल्लाय, पण ताट मांडताना एकदाही निरखून पाहिलं नाही. हातावर काहीतरी गोड पडलं की पळायचं, एवढंच.

आता नोव्हेंबरमध्ये इथे एक कार्यशाळा आहे, प्रत्येकाने आपल्या गावातल्या दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यांच्या एका सणावर बोलायचं. मला वीस मिनिटं आहेत. तेव्हा तुम्ही आळीत जा, जे कुणी उरलेत त्यांना विचारा: फळं किती आणि कुठली, नारळ कसा, त्या वेळी मराठीत काही म्हणतात का. आईने सोबत जावं, तिला पदार्थांतलं कळतं आणि तुम्ही अर्धं विसरून याल. समोरच्या आजींच्या मुलीचा पत्ता कुणाकडे असेल तर तोही घ्या.

२ नोव्हेंबरला इथली घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे फोन करताना साडेनऊ नाही, साडेदहा तासांचा फरक धरा. आणि बाबा, आळीत शनिवारी जाऊ नका. रविवारी जा.

तुमची,
ताई